‘एका अंगावर एकच विद्या’: त्या फॉरवर्डला भुसावळहून उत्तर

महिनाभरात हा मेसेज मला सात जणांनी पाठवला, त्यातले दोघं माझेच पेशंट. मजकूर थोडक्यात असा: एका अंगावर एकच विद्या चालते. तेल लावलेल्या अंगावर दाबबिंदू केले की ऊर्जा उलटी फिरते. दोन पद्धती एकत्र आल्या की विषद्रव्यं रक्तात सुटतात. जुन्या पद्धती शुद्ध होत्या. त्यांची भेसळ करणारा कशातच पारंगत नसतो. खाली हात जोडलेले चार इमोजी आणि ‘जनहितार्थ’.

मी फिजिओथेरपिस्ट. तेलाचा हात, कोरडा दाब, ताण, व्यायाम हे सगळं एकाच टेबलावर करतो. तेव्हा हा दगड आमच्याच अंगणात पडलाय.

आधी शुद्धतेचं बघू. ज्याला सगळे ‘स्वीडिश मसाज’ म्हणतात त्याचं श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंगला दिलं जातं, पण हाताच्या त्या ठरावीक फिरवण्या बसवल्या हॉलंडच्या योहान मेझगरने, आणि त्यांची नावं आहेत फ्रेंच. शिआत्सू, म्हणजे बोटांनी दाब देण्याची जपानी पद्धत, प्राचीन वाटतं, पण आहे विसाव्या शतकातलं: जपानच्या जुन्या अन्मा मालिशीत पाश्चात्त्य मालिश मिसळून तोकुजिरो नामिकोशी आणि त्याच्या काळच्या लोकांनी ते उभं केलं. तळपायाचे दाबबिंदू दाखवणारे रंगीत तक्ते, ज्यावर ‘पाच हजार वर्षं जुनी विद्या’ छापलेलं असतं, ते १९३० च्या दशकात अमेरिकेत युनिस इंगहॅमने पुढे आणले, तेही विल्यम फिट्झगेराल्ड या डॉक्टरच्या कल्पनेवरून. मग यातली बिनभेसळीची कोणती?

आपल्याकडचं बघा. पंचकर्मात आधी स्नेहन, मग स्वेदन. तेल आणि वाफ, एकामागून एक, एकाच अंगावर. खान्देशात कुठल्याही बाळंतिणीला आधी चोळतात आणि मग शेक देतात. ही भेसळ म्हणायची का? आयुर्वेदाच्या अष्टांगहृदय ग्रंथात अभ्यंग, म्हणजे तेलमालिश, कुणाला वर्ज्य ते सांगितलंय: कफाने ग्रासलेला, अजीर्ण झालेला, नुकतंच शोधन (शरीरशुद्धी) झालेला. म्हणजे शास्त्राला काळजी आहे ती ‘केव्हा हात लावू नये’ याची.

आता तेलावर दाब. इथे मेसेजमध्ये एक कण खरा आहे, फक्त त्याचं कारण ऊर्जा नाही.

सावद्याकडे ट्रकमध्ये केळीचे घड चढवणारा एक गडी माझ्याकडे येतो. खांद्यावर गोणपाटाची घडी, त्यावर वीसेक किलोचा घड, दिवसभर तेच. उजव्या बाजूला मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू ओल्या सुंभासारखा ताठलेला. त्यात एक गाठ अशी, की अंगठा टेकवला तर दुखतं कानशिलाजवळ. हा गडी सहा महिने डोकेदुखीच्या गोळ्या खात होता. मी आधी कोमट तेलाने सगळा भाग मऊ केला आणि लगेच अंगठा रोवायला गेलो. अंगठा घसरला. पुन्हा दाबला, पुन्हा घसरला, आणि तो कळवळला, कारण घसरता अंगठा गाठीवर ठरत नाही, आजूबाजूची कातडी तेवढी ओढतो. मग नॅपकिनने तेल पुसलं, वर थोडी पावडर मारली, अंगठा टेकवला, हलवलाच नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटाने गाठ ढिली पडल्याचं हाताला कळलं. मग मान विरुद्ध बाजूला झुकवून ताण आणि शेवटी खांद्याचं पातं मागे खेचायचा व्यायाम, घरी करायला.

तेव्हापासून माझा क्रम ठरला: दाब कोरड्या अंगावर, तेल नंतर. उलटं करायचं झालं तर पुसून. एवढंच. (मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की आमच्याकडे तेलाचं नाव कुणी काढत नाही, पावडरचाच डबा संपतो, तो भाग वेगळा.)

विषद्रव्यांवर फार शाई घालवत नाही. रक्त साफ करायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. हाताने चोळून काही ‘सुटत’ नाही. कष्टानंतर वाढलेलं लॅक्टिक अॅसिड साधारण तासाभरात आपोआप उतरतं. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते जोर जास्त झाल्याने, पद्धत एक असो की चार.

खरी भीती कशाची ते मेसेजमध्ये नाहीच. एकाची पोटरी, शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस पडून राहिल्यावर, एकाच पायाला सुजली, गरम लागत होती. घरचे म्हणाले, जरा चोळून द्या, शिरेवर शीर चढली असेल. मी हातही न लावता दवाखान्यात पाठवलं, कारण शिरेत गुठळी असेल तर चोळल्याने ती निसटून फुप्फुसात जाऊ शकते. इथे ‘शुद्ध’ अभ्यंगही तेवढंच घातक.

राहिला पारंगतपणा. इथे मी अर्धा मेसेजच्या बाजूने आहे. तीन दिवसांच्या शिबिरात पाच थेरपींची प्रमाणपत्रं घेऊन भिंत सजवणारे मीही पाहिलेत. पण म्हणून मिसळणारा प्रत्येकजण अर्धवट ठरत नाही. आमच्या वेळी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची असलेल्या पदवीतच ऑस्ट्रेलियाच्या मेटलंडची सांधे हलवायची पद्धत येते, न्यूझीलंडच्या मलिगनची येते, वर व्यायाम आणि शेक. एकच घ्यायची ठरवली तर निम्मा अभ्यासक्रम फाडावा लागेल.

माझी स्वतःची चूक निराळी होती. सुरुवातीला मी एकाच बैठकीत सगळं करायचो. पेशंटला बरं वाटायचं, पण कशाने ते मलाच सांगता येत नसे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा सगळाच पाढा. आता एका खेपेला एकच नवी गोष्ट घालतो, वहीत क्रम लिहितो, आधी आणि नंतर हात किती वर जातो ते मोजतो.

आणि बदलताना सांगतो. हे मला शिकवलं लेकीकडे राहायला आलेल्या अमळनेरच्या एका मावशींनी. तेलाचा हात थांबवून मी न बोलता कोपर टेकवलं, तशा त्या मान वळवून म्हणाल्या, “भाऊ, आते चोळी ऱ्हायनात का दाबी ऱ्हायनात? सांगीसन करा ना.”