"आपल्यात नाही करत"

डॉक्टर म्हणाले, "कातडी काढावी लागेल," आणि सासूबाईंनी तिथेच पदर तोंडाला लावला. "म्हणजे सुंताच ना गं ती? आपल्यात नाही करत."

लेक सात वर्षांचा. वर्षभर शू करताना रडायचा. दोनदा जंतुसंसर्ग होऊन गेला, स्टिरॉइडचं मलम लावून झालं, तरी टोकाशी पांढरट, टणक कडं धरलेलं. आणि घरात बोलणं कशाचं, तर नातेवाइकांना काय सांगायचं याचं. चार महिने असेच गेले. मी गप्प बसले, याचा अजून राग येतो.

"आपल्यात" म्हणजे नक्की कुणात? अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, बघा. पूर्वी घाण्याचं तेल काढणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. घरात मराठी, बायका नऊवारीत, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. शतकानुशतकं बाकीच्या ज्यूंपासून तुटलेले. हिब्रू जवळजवळ विसरले, पण शेमा ही प्रार्थना, शनिवार आणि मुलाची आठव्या दिवशीची सुंता सोडली नाही. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम, त्याच्याशी देवानं केलेल्या कराराची ती खूण. मुसलमानांचं म्हणाल, तर कुराणात सुंतेचा उल्लेख नाही, ती सुन्नतेतून, म्हणजे पैगंबरांच्या वागण्या-सांगण्यातून आली. आपले कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे, त्यांच्यात ती बंधनकारक मानतात, हनफी परंपरेत सुन्नत, म्हणजे करावी अशी, पण सक्तीची नाही.

मला सगळ्यात भिडलं ते तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथातलं. एका आईची दोन मुलं सुंतेनंतर दगावली, तर तिसऱ्याची करू नये, असं तिथे सांगितलंय. रक्त न गोठण्याच्या आजाराचं, हिमोफिलियाचं, नावही नव्हतं तेव्हा. देवाशी केलेला करारसुद्धा लेकराच्या जिवापुढे थांबतो, आणि आम्ही आजारी पोराला शेजाऱ्यांच्या भीतीनं थांबवलं!

सरसकट सगळ्यांची करा, असं मी म्हणत नाही. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांच्या सुंतेची शिफारस केली ती एचआयव्ही खूप पसरलेल्या भागांसाठी. दक्षिण आफ्रिका, केनिया, युगांडातल्या चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाली होती. कंडोम तरीही लागतोच. आणि मुलींची खतना, म्हणजे त्यांचं जननेंद्रिय कापणं, यात कुणी घुसडू नका. तिचा वैद्यकीय फायदा काहीच नाही, नुसती इजा.

ऑपरेशन सकाळी झालं, संध्याकाळी घरी आलो. टाके आपोआप विरघळले. पंधरा दिवसांनी तो बाथरूममधून ओरडला, "आई, दुखलं नाही!" सासूबाई दाराशीच उभ्या होत्या.

ज्यांच्या घरी तान्हा मुलगा आहे त्यांनी एक ऐका. न्हाऊ घालणारी बाई तेल लावून रोज ती कातडी मागे ओढते ना, तिला आजच थांबवा. जन्मतः ती आत चिकटलेलीच असते. वयानुसार आपली आपण सुटते, काहींची अगदी वयात येईपर्यंत. जोर लावला की चिरते, आणि व्रण धरून आवळते. माझ्या लेकाची रोज ओढली जायची. मी समोर टॉवेल घेऊन बसलेली असायचे.