गुंठा स्वस्त, पण शहराला महाग

सांगलीतल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: गावात दाटी आहे, पूर येतो, म्हणून बाहेर पसरा. गुंठा स्वस्त आहे, ओढे पाईपात घाला, रस्ते रुंद करा. शहर आपोआप वाढेल. वाचून राहवलं नाही.

‘बाहेर पूर नाही.’ पाणी जुनं-नवं बघत नाही, सखल बघतं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभाग, म्हणजे जुनी सांगली, बुडाला, खरंय. पण शामरावनगर कुठे जुनं गावठाण आहे? काळ्या रानात गुंठेवारीनं, म्हणजे शेताचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे विकून, उठलेली ती वस्ती. तिथं तर साध्या पावसाचं पाणीही दिवसेंदिवस हटत नाही. ओढा ही त्या पाण्याची परतीची वाट. तीच पाईपात कोंबायची म्हणता?

माझी आत्या अशाच एका वस्तीत राहते. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत येते, चहाच्या टपरीवर पाय धुते, मग कामावर जाते. प्लॉट विकणाऱ्यानं ‘वर्षभरात रस्ता’ सांगितलं होतं. चौदा वर्षं झाली.

आता स्वस्ताईचं. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३. दोन्ही बाजूंना असे प्लॉट धरले तर शंभर फूट रस्त्यावर सहा घरं. त्यातले निम्मे ‘पुढे भाव येईल’ म्हणून बाभळीत पडून असतील, तर तीन घरांसाठी तेवढंच गटार, तेवढीच पाण्याची लाईन, तेवढेच दिवे. तिथंच तीन मजले असते, तर अठरा बिऱ्हाडांत तो खर्च वाटला गेला असता. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं प्लॉट नियमित करायची सोय झाली. गटार कागदानं येत नाही.

रुंद रस्त्यांचं एवढंच: दूध आणि शाळा दोन किलोमीटरवर असली की गाडी काढावीच लागते.

‘स्मार्ट ग्रोथ’ म्हणतात ते, म्हणजे बाहेर पसरण्याआधी आतली जागा भरणं आणि घर-दुकान जवळ ठेवणं, काही परकं खूळ नाही. गणपती पेठेत खाली दुकान, वर घर कधीपासून आहे. विश्रामबागकडची जागा तुलनेनं उंच, मिरजेला जायला बस आहे; तिथले रिकामे प्लॉट आधी भरू द्या, शेती राहू द्या. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकाठच्या वारंवार पुराच्या पट्ट्यात मात्र नवी वीट नको, गावात नको आणि लेआऊटमध्येही नको.

आणि तरीही प्लॉट बघायला जाणारच असाल, तर उन्हाळ्यात नको, ऑगस्टात जा. शेजारच्या भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे, ते आधी बघा.