एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: पेन इथे, रेघ तिथे

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री शटर ओढताना वाचला. "पेन एकीकडे, रेघ दोन इंच उजवीकडे, आणि जरा पुढे गेलं की कर्सरच गायब. जेलरोडवरून दोनदा चकरा मारल्या, दोन्ही वेळा 'इथे तर चालतंय' म्हणून परत पाठवलं. फुकटचं सॉफ्टवेअर टाकून जुना टॅब्लेट गळ्यात मारला." चकरांबद्दल आधी माफी मागतो. द्वारका ओलांडून एमजी रोडला यायचं, गाडी लावायला जागा शोधायची आणि तसंच परत जायचं म्हणजे काय, हे नाशिककराला सांगायला नको.

आता पेनचं. खरं सांगतो, दोष कुठे आहे ते तुमच्या "पुढे गेलं की कर्सर गायब" या पाच शब्दांनीच कळलं. आमच्या मुलाने जॉबकार्डवर "पेन प्रॉब्लेम" एवढंच लिहून घेतलं होतं. मग त्याने निब बदलली, काउंटरवर चार रेघा ओढून पाहिल्या, त्या बरोबर आल्या, आणि तुमच्याकडून ३०० रुपये घेतले. घरी टॅब्लेटला काय जोडलेलं असतं, हे कोणी विचारलंच नाही. ते काल मी फोनवर विचारलं. तुम्ही एचडीएमआयने टीव्ही लावता, त्यावर समोरच्या मुलांसाठी प्रश्न ठेवता आणि टॅब्लेटवर सोडवून ऑनलाइनच्या मुलांना दाखवता.

घोळ तिथेच आहे. तुमच्या टॅब्लेटवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई आवृत्ती आहे. ती एक्स११ वर, म्हणजे पडद्यावरचं चित्र आणि पेन-माउस सांभाळणाऱ्या यंत्रणेवर चालते, आणि एक्स११ ला टॅब्लेट आणि टीव्ही मिळून एकच लांब पडदा दिसतो. टॅब्लेट १९२० पिक्सेल, टीव्ही १९२०, मिळून ३८४०. पेन मात्र फक्त टॅब्लेटवर फिरतो. त्याची ती वीतभर जागा मग अख्ख्या ३८४० वर ताणली जाते. म्हणून डाव्या कडेला रेघ टोकाखालीच उमटते, उजवीकडे सरकाल तसं अंतर वाढत जातं, आणि निम्म्यावर पोचलात की कर्सर टीव्हीवर उडी मारतो. तो गायब झालेला नसतो, तुमच्या पाठीमागे मुलांसमोर फिरत असतो! वरखाली काही चुकत नाही, चुकतं ते आडवंच.

रविवारी याच मॉडेलचा दुसरा टॅब्लेट घेऊन त्याला दुकानातला सीसीटीव्हीचा मॉनिटर जोडला. हुबेहूब तोच प्रकार. एक्ससेटवॅकॉम नावाच्या हत्याराने पेनला "तू फक्त टॅब्लेटच्या पडद्यापुरता" असं बजावलं, की रेघ लगेच टोकाखाली आली. खूश होऊन मशीन रीस्टार्ट केलं आणि सगळं पहिल्यासारखं! ही सेटिंग आपोआप साठवली जात नाही. शिवाय टीव्हीची केबल काढली-लावली की ती पुन्हा द्यावी लागते. म्हणून ती आता मशीन सुरू होतानाच लागेल अशी सोय केली आहे, आणि डेस्कटॉपवर "पेन जुळवा" नावाचं एक बटण ठेवलंय. टीव्ही लावला किंवा काढला की त्यावर एकदा क्लिक करायचं. तुमच्या टॅब्लेटवर हे उद्या करून देतो. तोपर्यंत क्लास अडत असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये मिरर निवडा. दोन्हीकडे एकच चित्र दिसेल, पण रेघ जागेवर येईल.

हे विकतानाच करून द्यायला हवं होतं. ही चूक आमची.

"फुकटचं सॉफ्टवेअर" मात्र मला पटलं नाही. तुमचा टॅब्लेट ज्या पिढीचा आहे, तिला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुलांचे मार्क आणि फीचे हिशोब ज्या मशीनवर आहेत, त्यावर अपडेट बंद झालेली सिस्टीम टाकून देणं मला बरोबर वाटलं नाही. आणि पेनचा दाब, मागचा खोडरबर, बाजूचं बटण हे सगळं लिनक्सने एकही ड्रायव्हर न टाकता पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. तुम्हीच तेव्हा क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये जाड-बारीक रेघा काढून पाहिल्या होत्या.

खालच्या डाव्या कोपऱ्यात अक्षरं वाकडी येतात असंही तुम्ही फोनवर म्हणालात. त्याचा टीव्हीशी संबंध नाही. या पेनमध्ये बॅटरी नसते. पडद्यामागच्या तारांच्या जाळ्यातून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर तो चालतो. तुमचं नवं फ्लिप कव्हर मागे दुमडलं की त्याचं लोहचुंबक नेमकं त्या कोपऱ्यामागे येत असणार. कव्हर काढून पट्टीने एक तिरकी रेघ ओढा, मग कव्हर लावून तीच ओढा. पहिली सरळ आणि दुसरी पोटात वाकलेली आली, तर दोषी कव्हरच. विंडोजवरही ती वाकडीच आली असती.

तळहाताचे डाग पडतात, त्यावर झोर्नल++ या पेनने लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये बोटाने लिहिणं बंद करता येतं. दोन बोटांनी झूम करणं सुरूच राहील.

उद्या संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी स्वतः घरी येतो. टीव्ही आणि तुमचीच केबल लावून, तुम्ही एक आख्खं गणित सोडवेपर्यंत बसतो. ३०० रुपये सोबत आणतो. त्यानंतरही रेघ हलली, तर टॅब्लेट उचलून नेईन आणि बिलाची पूर्ण रक्कम परत देईन. फक्त ते कव्हर तेवढं आधी काढून ठेवा.