‘नागपुरात बसून’ लिहिणाऱ्याचं उत्तर

‘सत्यान्वेषी’ महाशय,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या जेरेमी ब्रेटच्या शेरलॉक होम्सला बाफ्टा हा तिकडचा पुरस्कार न देणाऱ्यांना अभिनय कळलाच नाही, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की होम्सच साकारणाऱ्या रॉबर्ट डाउनीला गोल्डन ग्लोब मिळालं, बेनेडिक्ट कंबरबॅचला एमी, उत्तमकुमारला तर ब्योमकेश या बंगाली गुप्तहेरासाठी राष्ट्रीय पुरस्कार, मग हे रडगाणं कशाला? शिवाय डाउनीच्या पुरस्काराचं वर्ष मी चुकवलं. आणि शेवटी, ‘नागपुरात बसून चार डीव्हीडी पाहिल्या की कोणीही समीक्षक होतो.’

वर्षाचं आधी. सिनेमा २००९चा, पुरस्कार जानेवारी २०१०चा. चूक माझी, मान्य.

आता ते शेवटचं वाक्य. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, पण माणसाचं गाव काढायचं? हेच मी पुण्यातून लिहिलं असतं तर तुम्ही हे वाक्य टाइप केलं असतं का?

माझे वडील सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. सुट्टीत मला सोबत न्यायचे आणि सांगायचे, साक्षीदार बोलतो तेव्हा वकिलाकडे बघ. ऐकणाऱ्याचा चेहरा वाचायला मी तिथे शिकलो. १९९३ साली दूरदर्शनवर रजित कपूरचा ब्योमकेश आला, तेव्हा महाल भागातल्या आमच्या वाड्यात अख्खी आळी टीव्हीसमोर बसायची. वडील फक्त एवढंच म्हणाले, ‘हा पोरगा ऐकतो.’ चार डीव्हीडीच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही.

पुढे कॉलेजात एका एकांकिका स्पर्धेत मी पोलीस अधिकारी केला. पूर्ण बारा मिनिटं समोरचा बोलतो आणि मी ऐकतो. तालमी दोन महिने चालल्या. परीक्षकांनी नंतर सांगितलं, ‘तुमच्या भूमिकेत काही करायला वावच नव्हता.’ अभिनयाचं पहिलं बक्षीस हंबरडा फोडणाऱ्या बापाला गेलं. तो मुलगा चांगला नट होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ‘वाव नव्हता’ हे शब्द मी आजही विसरलेलो नाही. गुप्तहेराचं काम करणाऱ्या नटाशी पुरस्कार देणारे कसे वागतात, हे मला लंडनला जाऊन शिकावं लागलं नाही.

ब्रेट डोळे मिटून, बोटांची टोकं जुळवून अशिलाची हकिकत ऐकतो, तेव्हा बोलणाऱ्यापेक्षा आपण त्याच्याकडेच बघत राहतो. १९८४ ते १९९४, एकूण ४१ भाग. मधल्या काळात बायको गेली, मनाचा आजार बळावला, औषधांनी शरीर सुजलं, हृदय थकलं. शेवटच्या भागांत त्याला धाप लागलेली दिसते, तरी ते ऐकणं ढळत नाही. याला बाफ्टा नाही. डेव्हिड सुशेने १९८९ ते २०१३ पर्यंत ७० भागांत अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो उभा केला, त्यालाही त्या भूमिकेसाठी बाफ्टा नाही. यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही, आणि मला मात्र रडगाणं म्हणता!

राहिली तुमची यादी. डाउनीचं गोल्डन ग्लोब संगीत-विनोदी गटातलं. कंबरबॅचचं एमी २०१४चं, आणि ब्रेट १९९५ सालीच गेला. एकाचं बक्षीस दुसऱ्याच्या खात्यात कसं जमा होतं? उत्तमकुमारचा १९६७चा पुरस्कार ‘चिडियाखाना’ आणि ‘अँटनी फिरिंगी’ या दोन सिनेमांसाठी मिळून होता. ब्योमकेश फक्त पहिल्यात आहे, दुसऱ्या सिनेमाचं नाव तुम्ही गाळलंत. सत्यान्वेषी नाव घेतलं की अर्धं सत्य सांगून भागत नाही, बापा.

वर्ष आज सकाळी दुरुस्त केलं आहे. बाकी एक अक्षरही बदललेलं नाही.