सात भागांत गुंडाळला, म्हणजे पडेल होता?

आमच्या नाशिकच्या हौशी नाटकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. अमेरिकेत डॅना कार्व्ही या विनोदी नटाचा स्किट शो सात भागांत बंद पडला, कारण विनोद रद्दी, भिस्त एका स्टारवर, आणि त्यातून निघालं काहीच नाही. खाली तात्पर्य: एकांकिकेत नाववाला नट घेऊ नका. परवा तालमीनंतर यावरून एवढं वाजलं की मिसळीचा रस्सा गार झाला.

विनोद रद्दी? मार्च १९९६. एबीसी चॅनलवर मंगळवारी रात्री ‘होम इम्प्रूव्हमेंट’ ही पोराबाळांसकट बघायची मालिका, आणि तिच्या पाठोपाठ हा शो. पहिल्याच भागात तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन झालेला कार्व्ही शर्ट उघडतो आणि कुत्र्याच्या पिल्लांना अंगावर पाजतो! लोक चॅनल बदलून पळाले, हे खरंच. पण आमच्या कालिदास नाट्यगृहात बालनाट्य संपल्यासंपल्या त्याच प्रेक्षकांपुढे फटकळ वग लावायचा आणि वर वगालाच नावं ठेवायची, याला काय म्हणावं?

शिवाय शोच्या नावातच दर आठवड्याला प्रायोजक. पहिल्या भागाला टॅको बेल ही फास्ट फूडवाली कंपनी. आपल्याकडे मंडळाच्या कमानीवर गणपतीपेक्षा क्लासवाल्याचा फोटो मोठा असतो ना, तसंच. फक्त इथे मंडळच त्या फोटोची टिंगल करत होतं. टॅको बेलने लगेच अंग काढून घेतलं. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

भिस्त एका स्टारवर, हे तर सपशेल चूक. लिहायला रॉबर्ट स्मायगेल, लुई सी. के., पुढे पटकथेचं ऑस्कर मिळवणारा चार्ली कॉफमन. कामाला स्टीव्ह कॅरेल आणि स्टीफन कोल्बेर, तेव्हा कुणाला ठाऊक नसलेले. दोघांचं वेटरचं स्किट आहे: गिऱ्हाइकाला पदार्थ सांगायचे, आणि नाव उच्चारलं की यांनाच मळमळतं. एकेका पदार्थाला उमासा आवरत, चेहरा सावरत पुढचं नाव घ्यायचं. बस, एवढंच. मी हसून लोळलो.

काही निघालं नाही म्हणता? दोन सुपरहिरोंचं त्यातलं कार्टून त्याच वर्षी ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमात गेलं. २००५ मध्ये कॅरेल ‘द ऑफिस’ मालिकेत, कोल्बेरचा स्वतःचा शो सुरू. पुरे.

आठवा भाग तयार होता, चॅनलने तो लावलाच नाही. तेव्हा नाववाला नट मिळत असेल तर बिनधास्त घ्या रे. फक्त बालनाट्यानंतरची वेळ मागू नका.