काकूंचे सहा दिवस आणि हळदीचा मेसेज

सध्या सांगलीतल्या बहुतेक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. किडनीवर व्रण पाडणारं एकच वाईट प्रोटीन असतं, टीजीएफ-बीटा; सांगलीची हळद ते मारते. रोज दोन मोठे चमचे हळद पाण्यातून घ्या, डाळ-अंडी-मटण बंद करा, बीपीच्या गोळ्या सोडा. चाळीस दिवसांत व्रण पुसतो, क्रिएटिनिन (किडनीचं काम मोजणारा रक्तातला आकडा) उतरतं. शेजारच्या काकूंनी मला तो दाखवला तेव्हा त्यांचे सहा दिवस झालेही होते.

मी मिरजेत बायोप्सीच्या, म्हणजे तपासायला काढलेल्या किडनीच्या तुकड्यांच्या, काचा रंगवतो. म्हणून सांगतो, टीजीएफ-बीटाची गोष्ट खोटी नाही. साखरेनं, बीपीनं किडनीतल्या नलिकांच्या पेशी दुखावल्या की त्या आणि तिथं जमलेल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी हे निरोप्या प्रथिन सोडतात. निरोप पोचला की फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन, म्हणजे व्रणाचा धागा, विणायला बसतात. जखम भरायला ते लागतंच, पण मार रोजचा असेल तर विणकाम थांबत नाही. ट्रायक्रोम रंगात कोलॅजेन निळं दिसतं. चांगल्या काचेत नलिका एकमेकींना खेटून असतात, मधे निळी रेघ जेमतेम. खराब काचेत निळ्याच्या पसाऱ्यात आकसलेल्या नलिका शोधाव्या लागतात.

पण ‘वाईट’ आणि ‘एकच’? 1992 मध्ये टीजीएफ-बीटा-1 चं जनुक नसलेले उंदीर तयार केले, तर जन्मलेली पिल्लं तीनेक आठवड्यांत अवयवाअवयवांत दाह होऊन मेली. प्रतिकारशक्तीला आवर घालायचं कामही याच प्रथिनाकडे. शिवाय सीटीजीएफ, पीडीजीएफ ही दुसरी निरोपी प्रथिनंही व्रणात हात घालतातच. मधुमेही किडनी रुग्णांना टीजीएफ-बीटा-1 अडवणारी अँटीबॉडी टोचून पाहिली. फायदा दिसेना म्हणून चाचणी मधेच थांबवली.

मग हळद? प्रयोगशाळेतल्या पेशींवर हळदीतलं कुरकुमिन हे द्रव्य हा निरोप दाबतं, हे खरं. पण हळदीत ते शेकडा दोन-पाचच, आणि पोटातून रक्तात जातं नगण्य. उलट हळदीत ऑक्झलेट हा मुतखड्यातला क्षार भरपूर. अतिसेवनानं किडनी बिघडल्याचे रुग्ण नोंदले गेलेत. हरिपूरच्या हळद साठवायच्या पेवांचा अभिमान मलाही आहे, पण सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मिळालेलं जीआय (भौगोलिक) मानांकन औषधाचं नव्हे.

डाळीचं तर निव्वळ नावसाधर्म्य, दोन्हींना ‘प्रोटीन’ म्हणतात एवढंच. डाळीतलं प्रोटीन पचून त्याची अमिनो आम्लं होतात. टीजीएफ-बीटा आपल्याच पेशी बनवतात. डाळ किती खायची ते किडनीचे डॉक्टर ठरवतील.

‘माझं क्रिएटिनिन उतरलं’ म्हणणारे खोटं बोलत नसतीलही. शिजवलेल्या मटणातूनही क्रिएटिनिन रक्तात येतं. मटण सोडलं की आकडा थोडा खाली येऊ शकतो. व्रण तिथंच असतो, आणि गेलेला नेफ्रॉन (किडनीतली रक्त गाळणारी चाळणी आणि तिची नलिका) पुन्हा उगवत नाही.

सगळ्यात घातक ओळ गोळ्यांची. अँजिओटेन्सिन हे संप्रेरक पेशींना टीजीएफ-बीटा बनवायला लावतं, आणि लोसार्टन, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या त्यालाच अडवतात. मधुमेहात लोसार्टननं किडनीची घसरण मंदावते, हे 2001 च्या मोठ्या चाचणीत दिसलंय. म्हणजे ज्या प्रथिनाच्या नावानं मेसेज ओरडतो, त्याला लगाम घालणारी गोळीच तो सोडायला सांगतो!

काकूंची लोसार्टनची स्ट्रिप फ्रिजवर तशीच पडली होती. बीपी मोजलं, 172/100. लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. मेसेज पाठवणाऱ्या भाच्याशी त्या स्वतःच बोलणार आहेत.