खुलासा: ‘अबोलपणा एकाच जनुकामुळे’ हा मेसेज चुकीचा आहे

फोंड्यातल्या पालकांच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय: मूल अबोल होणार की बोलके, हे एकच जनुक ठरवते, आईवडील अबोल असतील तर मुलाला वक्तृत्वाला पाठवून उपयोग नाही. हे खरे नाही.

असे एकच जनुक नाही. अनेक जनुकांचे छोटे छोटे परिणाम एकत्र येतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून बहिर्मुखतेची, म्हणजे माणसांत मोकळेपणी मिसळण्याच्या स्वभावाची, आनुवंशिकता साधारण ४० ते ६० टक्के निघते, हे बरोबर. पण हा आकडा एका मुलाचा नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वाटा जनुकीय फरकांचा, इतकाच त्याचा अर्थ. ‘माझ्या मुलीचा अर्धा स्वभाव माझा’ असा तो वाचू नये.

उरलेल्यात परिसर येतो, अनुभव येतात. शिवाय गप्प राहण्याला काय म्हणायचे, हे संस्कृती ठरवते. पाहुण्यांसमोर गप्प बसली की मुलगी शहाणी. मुलाखतीत गप्प बसली की लाजरी! खरे तर लाजणे ही भीती, अंतर्मुखता ही शांततेची आवड.

माझ्या शिकवणीला येणारी एक मुलगी हजेरीलाही जेमतेम आवाज काढते. गणेशचवथीच्या आरतीला तीच मांडीवर घुमट हे मातीचे तालवाद्य घेऊन तासभर वाजवते, नजर सोबतचे तालवाद्य, शामेळ, वाजवणाऱ्याच्या हातांवर. तिच्या आईनेच मला तो मेसेज दाखवला आणि विचारले, “वक्तृत्वातून तिचे नाव काढून घेऊ?”

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.